आबांचा होकार

"व्हय म्हनलं की व्हय," असं म्हणून आबा उजवा तळहात जमिनीवर थापायचे. मग त्या विषयावर पुन्हा बोलणं नाही. म्हैस विकायची असो की लेकीची सोयरीक, हात भुईला लागला की विषय संपला. होकार देण्याआधी मात्र ते इतका वेळ घ्यायचे, की समोरचा जांभया द्यायला लागायचा.

पाटणच्या वर, डोंगरउतारावर गवळी-धनगरांची एक वस्ती होती. आबा तिथले वडीलधारे. त्या डोंगराचा कागद त्यांच्यापाशी नव्हता, पण त्यांच्याआधी तिथं कुणी राहिल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. अडुसष्टच्या सुमारास खाली धरण घ्यायचं ठरलं आणि साताऱ्याच्या पुनर्वसन कचेरीतला मी, पंचविशीतला कारकून, साहेबांची बॅग धरून ती चढण चढलो. सरकारी नोकरी केलेल्यांना ही बॅग धरणारी जमात माहीत असेल.

वस्तीत खुर्ची नव्हती. आबांनी घोंगडं अंथरलं. साहेबांची पँट घट्ट होती, ते बसता बसता तिरके झाले.

"सावकाश, सायेब," आबा म्हणाले, "पाटलून उसवंल. हितं शिंपी न्हाई."

साहेबही हसले, आणि बोलणी सुरू झाली.

सरकारशी करार करायला वस्तीतले बहुतेक जण तयार नव्हते. आबा तयार होते. ते घरोघर जाऊन समजूत काढत. "आजवर सरकार म्हंजी जंगलाचा गार्ड. काठी घिऊन यायचा, म्हशी हाकून न्यायचा. ह्या बारीला सरकार खाली बसलं, जाता का म्हनून इचारलं. आमच्या आज्या-पंज्याला कुनी इचारलं व्हतं का?"

त्यांची बायको चुलीपुढून ओरडायची, "आवं, इचारलं म्हनून घर द्याचं? उद्या कुनी मला मागितलं तर मला बी द्याल!"

"तुला न्यायला सरकारची छाती न्हाई," आबा म्हणायचे.

करार सरळ होता. वस्तीनं डोंगर सोडायचा, पुन्हा तिथं घर बांधायचं नाही. सरकारनं आटपाडीकडे जमीन द्यायची आणि पाणी द्यायचं. आबांनी एकच अट घातली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. आधी पाणी, मग माणसं. "आमची म्हस पावसातली. कोरड्यात ती जगायची न्हाई."

सह्या-अंगठे झाल्यावर आबांनी बेल-भंडारा पुढं केला. त्यांच्यात शब्द पक्का होतो तो हळदीचा भंडारा हातात घेऊन. साहेब अवघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "घे रे तू, सरकारतर्फे." मी हसत हसत तळहात पुढं केला. आमच्या दृष्टीनं तो एक फोटोसारखा कार्यक्रम होता. आबांच्या दृष्टीनं ज्याच्या हातात भंडारा, तो बांधला गेला. त्या दिवसापासून ते मला 'सरकार' म्हणू लागले. कचेरीत ही गंमत पसरली. मी डबा उघडला, की कुणीतरी म्हणायचं, "उठा रं, सरकार जेवाय बसलं!"

पुढं धरणाचं काम उरकत आलं आणि पाण्याचं काम मागं राहिलं. पावसाळ्याआधी वस्ती हलायला हवी होती. साहेबांनी मला बोलावलं. "त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. सांग, पाणी आलंय. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी आटपाडीला जाऊन आलो होतो. रस्त्याकडेला नळांचे ढीग पडलेले पाहिले होते, पाणी पाहिलं नव्हतं. तरी मी डोंगर चढलो आणि आबांना म्हणालो, "पाणी आलंय."

"तुमी डोळ्यानं बघितलं?"

"बघितलं."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसले. मग त्यांनी हात भुईवर थापला. दोन दिवसांत वस्ती उतरली.

त्या वर्षी दुष्काळ पडला. पाणी आलं नाहीच, आणि दुष्काळ सरल्यावरही आलं नाही. म्हशींची कातडी भेगाळली. काही मेल्या, बऱ्याच खाटकाला द्याव्या लागल्या.

मग नवे साहेब आले, सभा झाली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. एक तरणा गडी उठून आबांच्या अंगावर धावला. "म्हाताऱ्या, पानी आलंय म्हनून कुनी सांगितलं आमाला? किती खाल्लंस रं सरकारचं?"

आबांनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. एक शब्द पुरला असता. त्यांनी तो उच्चारला नाही, आणि मीही नाही. "म्या सांगितलं," ते म्हणाले. "माजंच चुकलं."

तेव्हापासून आबांनी पैसे खाल्ले, ही गोष्ट त्या भागात खरी मानली जाते. त्यांच्या नातवंडांनीही ती ऐकली असेल. म्हणून लिहितो. आबांनी दमडी घेतली नाही. पाणी आलंय असं मी सांगितलं होतं, न बघता.

लोक एकेक करून डोंगरावर परतले, धरणाच्या पाण्याच्या रेघेच्या वर झोपड्या घालून राहिले. आबांची बायकोही मुलाबरोबर गेली. आबा गेले नाहीत. सभेनंतर एकदाच भेटले, तेव्हा मी विचारलं होतं, "आबा, तुम्ही का थांबलात?"

"आमी बी शबुद मोडला, तर फुडल्या बारीला इचाराय कोन येनार?" एवढंच म्हणाले. सभेचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

माझी सांगलीला बदली झाली. आबा वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्याआधी एकदा आटपाडीच्या एसटीतून जाताना ते दिसले होते. भर उन्हात एक म्हैस उभी होती आणि आबा डब्यातलं पाणी हातानं तिच्या पाठीवर चोळत होते. पाणी लागेल तिथं पाठ काळीभोर व्हायची आणि बघता बघता वाळून परत करडी. गाडी थांब्यावर उभी होती. दोन माणसं उतरली. मी खिडकीची काच ओढून घेतली. डबा रिकामा झाला तसा आबांनी तो काखेत मारला आणि लांबच्या विहिरीकडे चालू लागले. म्हैस त्यांच्या मागे निघाली नाही. ती तिथंच उभी राहिली, अर्धी ओली.