कोवाचिच भिंतीवर का नाहीत?

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, दर दोन वर्षांनी पुण्याहून अमेरिकेत आमच्याकडे शॉमबर्गला सहा महिन्यांसाठी येतात आणि येताना मेतकूट, लोणचं आणि एक प्रश्न घेऊन येतात: आडनाव काय? इंडियन ग्रोसरीत, लायब्ररीत, डेंटिस्टकडे, जो सापडेल त्याला. आडनाव कळलं की 'मूळचे कुठले', मग 'अमके तुमचे कोण', आणि पाच मिनिटांत समोरच्याची कुंडली मांडून मोकळे. नवीन आडनाव असेल तर खिशातल्या डायरीत नोंद. समोरच्याने 'आणि तुम्ही काका?' म्हणेपर्यंत बाबा पुढच्या रांगेत पोचलेले असतात. ही घाई लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही माझ्या लक्षात आली नव्हती, हे आधीच कबूल करते.

आमच्या ईराने मार्को कोवाचिचशी लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी डायरी उघडली आणि मिटली. क्रोएशियन आडनाव, त्या मुलखातली एकही नोंद नव्हती. म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण घर बघितल्याशिवाय मी अक्षता टाकायला उभा राहणार नाही."

ईराने शांतपणे सांगितलं, "देन नो वेडिंग, मॉम. आजोबा नसतील तर आय अ‍ॅम नॉट डूइंग इट."

एक हट्टी, आणि दुसरी त्याचीच नात. मार्कोला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या आजीने, आणि ती राहते मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, कॅल्युमेट नावाच्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावात. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही 'घर बघायला' निघालो. ईरा आणि मार्को आदल्या दिवशीच पुढे गेले होते.

शॉमबर्गहून कॅल्युमेट सात तासांचं अंतर आहे, बाबा बरोबर असतील तर नऊ. रॉकफर्डहून उत्तरेकडे वळलं की मॅडिसन, वॉसॉ, आणि मग रस्ता अरुंद होत होत दोन्हीकडून झाडांनी घेरला जातो. पेट्रोल वॉसॉलाच भरून घ्या, पुढे फोनची रेंजही रुसते. आमच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे खाण्याचा प्रश्न नव्हता. पण पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या निमित्ताने बाबांनी काउंटरवरच्या बाईंना गाठलं.

"युवर सरनेम, मॅडम?"

माझा नवरा प्रशांत चिप्सच्या स्टँडमागे लपला. बाई क्षणभर गोंधळल्या आणि म्हणाल्या, "नोव्हाक."

"नेटिव्ह प्लेस?"

"इथलीच. त्या वळणावर घर आहे."

बाबांनी नोंद केली: नोव्हाक, वॉसॉ, वळणावर. बाईंनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आम्हाला या देशात तेवीस वर्षांत कुणी फुकट कॉफी दिलेली नाही.

हॉटन गावातला पूल ओलांडला की वीस मिनिटांत कॅल्युमेट येतं. लाल दगडाच्या दणकट इमारती, रुंद रस्ते, आणि रस्त्यावर माणूस नाही. खाण चालू होती तेव्हा इथे गर्दी मावत नव्हती म्हणे. मोटेल साधं पण स्वच्छ, हीटर मात्र आधी लावून बघा. रात्री जेवायला पेस्टी खाल्ली. ही मीठ घातलेली आडमाप करंजीच समजा, आत बटाटा आणि रताळ्यासारखा एक गोडसर कंद. शाकाहारी मिळते, आधी फोन करून सांगावं लागतं. बाबांनी ती चटणीशी खाल्ली आणि पसंत केली.

शनिवारी सकाळी आजींकडे. क्रोएशियन भाषेत आजीला 'बाका' म्हणतात आणि सगळं गाव त्यांना बाकाच म्हणतं. वय शहाऐंशी, उंची जेमतेम माझ्या खांद्याला, आवाज मात्र खाणीच्या भोंग्याचा. इंग्रजी खणखणीत, इथे मराठीत लिहिते आहे ती माझ्या सोयीसाठी. दारातच त्यांनी बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आक्रोड भरलेल्या गोड रोलचा वीतभर तुकडा बशीत ठेवला. मला लगेच कळलं की घर बघायला फक्त आम्हीच आलेलो नाही.

"तुमच्या घराण्यात मोठं कोण झालं?" त्यांनी सुरुवात केली.

"ते सांगतो," बाबा म्हणाले. "आधी तुमच्यातलं सांगा."

बाका उठल्या, कोट चढवला आणि आम्हा सगळ्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या क्रोएशियन मंडळाच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. तिथे एक पूर्ण भिंत फोटोंनी भरलेली होती. गावाचं नाव काढलेली माणसं. बाका हातातल्या काठीने एकेक दाखवत चालल्या.

"हा बाबिच. महापौर. भांडखोर. हा युरिच, आइस हॉकी. दात एकही स्वतःचा नव्हता. हा होर्वात, इंजिनियर. होर्वात म्हणजे नुसतं क्रोएशियन माणूस."

"म्हणजे आमच्याकडे कुणी मराठे असतात, तसं," बाबा लिहीत म्हणाले.

"हा झागोराट्स, बिशप झाला. याचे पूर्वज झागोरिये भागातले."

"झागोरकर," बाबांनी नोंद केली. त्यांची कळी खुलली होती. अमेरिकेत इतकी रीतसर आडनावं त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. भिंत संपली. बाबा पुन्हा पहिल्या फोटोपाशी गेले, चष्मा पुसला आणि सगळ्या पाट्या परत वाचल्या.

"कोवाचिच भिंतीवर का नाहीत?"

मार्को कानापर्यंत लाल झाला. ईराने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. मला बाबांचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मलाही उत्तर हवं होतं.

बाका म्हणाल्या, "कारण आमच्यात कुणी मोठं झालंच नाही. कोवाच म्हणजे," आणि त्यांनी डाव्या तळहातावर उजवी मूठ दोनदा आपटली, "हे. माझे सासरे खाणीत छिन्न्यांना धार लावायचे. संध्याकाळी इथली कामं करायचे. हे सगळे मोठे लोक ज्या हुकांना लटकलेत ना, ते हुक कोवाचिचांचे."

हसू आलं सगळ्यांना. बाबा हसले नाहीत. त्यांनी महापौर बाबिचांना अलगद बाजूला सरकवलं आणि मागच्या हुकावरून बोट फिरवलं.

"चौकोनी सळई आहे," ते मराठीत पुटपुटले. "लाल असताना पीळ दिलाय, एका दमात. गार करायला घाई केलेली नाही."

"बाबा, तुम्हाला काय माहीत?" प्रशांतने विचारलं.

बाबांनी खुर्ची ओढली. "माझे वडील हेच करायचे. भाता मी ओढायचो. आपण लोहार."

प्रशांतनेही खुर्ची ओढली. साठीला टेकलेल्या माणसाला स्वतःचं आडनाव मिशिगनमध्ये कळत होतं. बाबा थांबत थांबत बोलत गेले, मी बाकांना इंग्रजीत सांगत गेले. गावात सुगीच्या दिवसांत धान्यासाठी खळ्यावर हात पसरून उभं राहावं लागायचं. आपल्या मुलाने तसं उभं राहू नये म्हणून त्यांचे वडील पुण्याला आले. शाळेत गुरुजींनी आडनाव विचारलं तेव्हा त्यांनी गावाचं नाव घेऊन 'बोरगावकर' सांगितलं, आणि घरी येताना मुलाला बजावलं, आजपासून हेच.

"म्हणून मी आधी विचारतो," बाबा म्हणाले. "समोरचा स्वतःचं सांगण्यात रमला की माझं विचारायचं विसरतो."

इतकी वर्षं मी या माणसाच्या प्रश्नावर मैत्रिणींना हसवत आले होते.

बाका त्यांच्या शेजारी बसल्या. "खाणीच्या ऑफिसात माझ्या सासऱ्यांचं नाव स्मिथ लिहिलं होतं. क्लार्कला कोवाचिच लिहायचा कंटाळा. आयुष्यभर पगार स्मिथने घेतला. रिटायर झाल्यावर सासऱ्यांनी पहिलं काम काय केलं, तर दाराची पाटी घडवली. कोवाचिच."

बाबांनी मान हलवली. मग त्यांचा चेहरा एकदम चिंताक्रांत झाला. "पण सुनबाई, हेही लोहार, आपणही लोहार. एकाच आडनावात सोयरीक होते का?"

"आजोबा, सीरियसली?" ईरा म्हणाली.

मी भाषांतर केलं. बाकांनी गंभीरपणे विचार केला. "त्यांना सांग, मार्कोची आई युरिच होती आणि मी बाबिच. महापौर माझा भाऊ. रक्त पुरेसं पातळ आहे."

बाबांनी डायरीत तपासलं आणि म्हणाले, "मग हरकत नाही." ईरा त्यांच्या गळ्यात पडून रडली. निघताना बाकांनी काठीने भावाचा फोटो खाली उतरवला, हुक उपटायला लावला आणि बाबांच्या हातात ठेवला. महापौर आता बाकांच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे आहेत.

रविवारी परतण्याआधी ब्रॉकवे डोंगरावर गाडी घातली. वर वारा भयंकर, टोपी धरून ठेवा. खाली पिवळी-तांबडी झाडं आणि त्यापलीकडे लेक सुपीरियर. वाटेत थिंबलबेरी नावाच्या तिथल्या रानफळाचा जॅम घेतला, बाटली एवढीशी आणि किंमत तोंडात बोट घालायला लावणारी, पण घ्या. येताना वॉसॉला नोव्हाकबाई नव्हत्या. बाबा जरा हिरमुसले.

घरी येऊन तो हुक आम्ही दाराशी लावला. त्यावर सध्या गाडीच्या किल्ल्या असतात. मागच्या आठवड्यात बाबांनी पुण्याच्या प्रेसवाल्याला पत्रिकेसाठी फोन लावला, स्पीकरवर.

"माझ्या नावापुढे घाला, पूर्वाश्रमीचे लोहार."

"काका, पूर्वाश्रमीचे वगैरे बायकांच्या नावापुढे लावतात."

"मग माझ्याही लावा."

"लोक विचारतील ना."

"विचारू देत."

काल त्यांना घेऊन ग्रोसरीला गेले होते. कोथिंबिरीपाशी एक नवीन मुलगा मराठीत फोनवर बोलत होता. त्याचा फोन संपेपर्यंत बाबा जुडी निवडत थांबले. मी सवयीने ट्रॉली पुढे ढकलली, कारण आता प्रश्न येणार आणि मग पळायचं.

बाबा जागचे हलले नाहीत. "नमस्कार," ते म्हणाले. "मी लोहार. तुम्ही?"