गुपचूपचा सूर

मास्तरांचा कॉम्प्युटर एक फाइल उघडायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात खरा वाद्यवृंद घरून निघून, वाद्यं जुळवून वाजवायलाही लागला असता. पण खरा वाद्यवृंद केव्हाच बंद पडला होता. मास्तरांची उमेदीची सगळी वर्षं त्यात पियानो वाजवण्यात आणि प्रत्येकाचे सूर लिहून देण्यात गेली. मग मुलीने त्यांना संगीताचं सॉफ्टवेअर आणून दिलं, सोबत सँपल लायब्ररी. म्हणजे कुठल्या कुठल्या वादकांनी वाजवलेला एकेक सूर त्यात साठवलेला. कळ दाबली की तो वाजतो. त्यावर मास्तर नाटकांना पार्श्वसंगीत करू लागले.

नाटकवाल्या बाई तालमीत शेजारी बसून बदल सांगायच्या. प्रसंग बदलला की नवी फाइल, आणि पुन्हा ताटकळणं. एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका, पण पुढच्या तालमीलाही हे असंच चाललं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मास्तरांनी राग मानलाच. पण हातात काम तेवढं एकच होतं.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. दुकानदार म्हणाला, जुनी डिस्क फेका, एसएसडी घ्या. घेतली. जावई म्हणाले, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसतो, त्याला सुरांच्या फोल्डरपासून लांब ठेवा. ठेवलं. फरक पडला, पण बाईंच्या कपाळावरची आठी जाईल इतका नाही. मास्तरांच्या डोक्याचा मात्र पार भुगा झाला. शेवटी मुलगी येऊन बसली, तेव्हा कळलं की हा सगळा प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा होता.

"बाबा, ही एवढी वाद्यं कशाला?"

पडद्यावर वाद्यांची नावं नव्हतीच. ढेरपोट्या, चष्मिस, धाकटे मामा, गुपचूप... जुन्या वाद्यवृंदातला प्रत्येक जण, ज्या क्रमाने बसायचा त्याच क्रमाने.

"यातली निम्मी वाजतच नाहीत. या गुपचूपला तर कुठेच एकही सूर नाही. तरी दरवेळी त्याचे सगळे सूर लोड होतात."

"बसू दे की बिचाऱ्याला. काय जातंय?"

"वेळ जातोय, बाबा!"

गुपचूप म्हणजे दुसरा क्लॅरिनेट. पहिल्याला साथ देण्यात त्याचा जन्म गेला, आणि मागच्या वर्षी तोही गेला. त्याला काढायला मास्तरांचं मन धजेना. का, ते त्यांनाही सांगता येईना.

"बरं, काढू नका. हे बटण दाबा. जे सूर वाजतात तेवढेच मेमरीत राहतील."

"आणि बाकीचे? पुसले जातील?"

"नाही हो. डिस्कवर असतील, फक्त लोड होणार नाहीत."

"म्हणजे ते आहेत की नाहीत?"

"बाबा, उगाच घोळ घालू नका," असं म्हणून ती गेली.

मास्तर बटणाकडे बघत बसले. जो वाजतो तो राहतो. मग जो वाजतच नाही त्याचं काय? हसावं की रडावं ते कळेना. मग एकदम त्यांनी शेवटचा प्रसंग उघडला आणि जे जे गप्प बसले होते त्या प्रत्येकाला एकेक सूर लिहिला, एकामागून एक. गुपचूपला कुठे बसवावं ते सुचेना, म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी एकटाच राहिला. मग बटण दाबलं.

पुढच्या तालमीत बाई खुर्चीत टेकेपर्यंत फाइल उघडलेली होती. त्या बदल सांगत गेल्या, मास्तर करत गेले. शेवटच्या प्रसंगात एकेक सूर येऊन विरला, आणि बाईंनी हात वर केला.

"ते अगदी शेवटचं काय आहे?"

"क्लॅरिनेट. काढू का?" मास्तरांनी विचारलं.

"छे, राहू दे. कोण वाजवतंय?"

"गुपचूप," मास्तर बोलून गेले. "आमच्यातला होता. गेला तो."

"छान वाजवायचा हो."

तो सूर कुणा अनोळखी माणसाचा होता. आपण खोटं बोललो की खरं, हे मास्तरांना उमगेना. पण आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवून गुपचूपला हे कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांनीही नाही.

"हो," ते म्हणाले, "फार छान वाजवायचा."