मामांची पेनल्टी

साठी उलटेपर्यंत ज्याने फ्रीजच्या वरच्या कप्प्याबाहेर बर्फ पाहिला नव्हता, आणि तरीही बर्फावरच्या शर्यतीत पंचांचं नेमकं कुठे चुकतं हे जो भर चौकात छातीठोकपणे सांगतो, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. मी त्यांना मामा म्हणतो. ठाण्यातलं सगळं बाळकुमही त्यांना मामाच म्हणतं, त्यामुळे माझ्या नात्याला तिथे काही खास किंमत नाही. मामा मूळचे तिथलेच, आगरी. बाप मिठागरावर राबला, मामांनी भातशेती केली, आणि आता त्या शेतांवर इतक्या मजल्यांचे टॉवर उभे आहेत की मामा वर बघून सांगतात, "ता बग, चवदाव्या माल्यावर, त्या बाईचे कपरे सुकतान ना, तया आमची तूर व्हायची." त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल', आणि 'गेली'ची 'जेली'. पडणं म्हणजे परणं, पळणं म्हणजे पलणं. मी डोंबिवलीत वाढलेला, पावकी-निमकीच्या घरातला. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "पोरीला सोरू नको." मी घाबरून म्हणालो, "नाही नाही, मी तिला कधीही सोलणार नाही." तेव्हापासून त्यांचं माझ्या बुद्धीबद्दलचं मत कायम आहे.

तर हा गृहस्थ बर्फाच्या नादी लागला तो धाकटीमुळे. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. टॉवरच्या पार्किंगमध्ये तिने पायाला चाकं लावून फिरायला सुरुवात केली तेव्हा मामांचा कडाडून विरोध होता. "पायालाच चाका लावायची त मंग मी गारी कशाला घेतली?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. पण धाकटी जिल्ह्यात पहिली आली, राज्यात आली, आणि एक दिवस तिच्या सरांनी घरी येऊन सांगितलं की हिला आता चाकांवरून बर्फावर न्यायला हवं. या खेळाला शॉर्ट ट्रॅक म्हणतात, असं त्यांनी समजावलं. बर्फाचं लहानसं अंडाकृती रिंगण, चार-पाच जणी एकदम सुटतात, पायात सुरीसारखी पाती, वळणावर एवढ्या कलतात की डावा हात बर्फाला टेकतो, आणि घड्याळाशी कुणाचं भांडण नाही, जी आधी पोचेल ती जिंकली. मामा तरुणपणी बैलगाड्या पळवायचे. ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे धक्काबुक्की होनार?" सर म्हणाले, "होते. पण मुद्दाम धक्का दिला तर पेनल्टी. शर्यतीतून बाहेर." मामांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "पेनल्टी," ते म्हणाले. आमच्या खानदानाचं स्वास्थ्य त्या दिवशी संपलं.

त्यानंतर मामांनी जगाला शॉर्ट ट्रॅकचे नियम लागू केले. माजिवड्याच्या सिग्नलला एखादा रिक्षावाला डावीकडून घुसला की मामा काच खाली करून ओरडायचे, "आतून घुसलास! पेनल्टी!" रिक्षावाल्याला वाटायचं साहेब साध्या वेशातले पोलीस आहेत, तो बिचारा कागद काढायला लागायचा. हळदीच्या जेवणात मटणाच्या पातेल्याजवळ कुणी कोपर मारून पुढे गेलं, पेनल्टी. टॉवरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीचं वाक्य कुणी मधेच तोडलं, पेनल्टी. एकदा तर घरातल्या एका बारशात पुरोहितांनी घाईघाईत दोन मंत्र गाळले असा संशय येऊन मामांनी भर पूजेत हात वर केला होता. सासूबाईंनी तो हात धरून खाली ओढला आणि म्हणाल्या, "गप बसा, नायतर तुमालाच भाएर कारीन."

टीव्हीवर परदेशातल्या मोठ्या स्पर्धा लागल्या की मामांच्या घरी चूल थंड. एकदा शर्यतींच्या मधल्या वेळात काही माणसं बादल्या घेऊन आली आणि वळणावर पाणी टाकायला लागली. पात्यांनी बर्फावर चरे पडतात, ते पाण्याने भरून निघतात. मामा सोफ्यावरून उठून उभे राहिले. "अगो, इकरं ये! सरा घालतान, सरा!" सासूबाई पदराला हात पुसत आल्या, पाहिलं, आणि अंगणात सडा घालण्याचा चाळीस वर्षांचा अधिकार असलेल्या बाईने निकाल दिला, "हाताला वलन नाय. एके ठिकानीच वतला."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे रिलेचं प्रात्यक्षिक. एका रविवारी माझे आईवडील बाळकुमला जेवायला आले होते. माझे वडील शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, बोलणं पुस्तकातलं. मामा त्यांना समजावत होते की बर्फावरच्या रिलेत हातात दांडी वगैरे काही देत नाहीत. पुढची खेळाडू वाकून बसते आणि मागची येऊन तिला कमरेवर दोन्ही हातांनी ढकलते, की ही बाणासारखी सुटते. वडील शिष्टाचार म्हणून म्हणाले, "असं? नीटसं लक्षात आलं नाही." यापेक्षा मोठी चूक त्यांनी आयुष्यात केली नसेल. मामांनी त्यांना पायमोज्यांवर उभं केलं, गुडघ्यात वाकवलं, आणि नुकत्याच पुसलेल्या लादीवर असं ढकललं की आमचे तीर्थरूप हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून थेट धुतलेल्या कोळंबीच्या परातीत विसावले. मग आतून वडिलांचा संथ आवाज आला, "व्याहीबुवा, आता लक्षात आलं." सासूबाई परातीकडे बघत म्हणाल्या, "कोलबी जेली. आता आमटीभात खा सगली." मामांचा चेहरा मात्र उजळला होता. "काय लाईन पकरली यांनी! जरा पन वाकरे नाय जेले!" त्या दिवसापासून या दोघांची जी गट्टी जमली ती आजतागायत आहे.

धाकटी सरावाला लागली. आधी एका मॉलमधल्या एवढ्याशा रिंकवर, जिथे पोरं प्लास्टिकचे पेंग्विन धरून रांगतात. मग उत्तरेकडे डोंगरात एका शहरात मोठी रिंक आहे तिथल्या शिबिरांना. ठाण्यातल्या मे महिन्यात मामा कानटोपी आणि शाल घेऊन मॉलमध्ये शिरायचे तेव्हा सुरक्षारक्षक एकमेकांकडे बघायचे. आत मामा काचेला नाक लावून बसत. सरांनी आहाराचा तक्ता दिला होता, त्यात अंडी, कडधान्यं असं काही होतं. मामांनी तो आदराने देवघरात ठेवला आणि पोरीला सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी चालू केली. "बोंबील खाल्लेला मानूस घसरत नाय," हे त्यांचं शास्त्र. धाकटी रोज घसरत होती. गुडघे निळे, कोपरं सोललेली. मामा बघायचे आणि गाडी सुरू करायचे.

आणि मग त्या डोंगरातल्या शहरातच एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि भारताच्या संघात धाकटीचं नाव लागलं. बाळकुममध्ये बातमी पसरली. मामांनी अख्खी भावकी न्यायचं ठरवलं होतं, हळदीत वाजणाऱ्या बेंजो पार्टीसकट. बेंजोला रिंकमध्ये परवानगी मिळणार नाही हे पटवायला मला एक आठवडा लागला. शेवटी मामा, सासूबाई, मी, माझी बायको, माझे वडील आणि भावकीतले पाच-सहा जण एवढेच निघालो. वडिलांनी महाबळेश्वरला घेतलेला स्वेटर मामांना दिला. तो मामांच्या पोटावर असा ताणला गेला की त्यावरची हरणं दोन्ही बाजूंना पळायच्या तयारीत दिसत होती.

रिंकमध्ये शिरलो तर बाहेर ऊन आणि आत हाडं गोठवणारा गारठा. समोर पांढराशुभ्र बर्फ, कडेने जाड गाद्यांच्या भिंती, देशोदेशींच्या मुली हेल्मेट घालून गरागरा फिरतायत. मामांनी डोळे बारीक करून ते सगळं नजरेखालून घातलं. मग हळूच म्हणाले, "बाप असता त बोल्ला असता, मीठ पिकलंय."

धाकटीची शर्यत आली. चौघीजणी. पहिल्या दोघी पुढच्या फेरीत जाणार. सुटताना पूर्ण शांतता पाळायची असते. बाळकुमची आमची मंडळी एकाच वेळी गप्प बसलेली मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर पाहिलेली नाहीत. आवाज झाला आणि चौघी सुटल्या. धाकटी शेवटची. मग तिसरी. आमच्या रांगेत मुठी आवळल्या गेल्या. शेवटची फेरी सुरू झाल्याची घंटा वाजली आणि त्याच वळणावर धाकटीने बाहेरून अशी मुसंडी मारली की ती चक्क दुसरी झाली. मामा उभे राहिले, तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज फुटायच्या आत मागच्या मुलीने आतल्या बाजूने अंग घातलं. कोपर लागलं. धाकटीचे पाय वर, पाठ खाली, आणि ती भिरभिरत जाऊन गाद्यांवर आदळली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो मामांचा. आता हा माणूस बर्फावर उडी मारणार, आपल्याला परराष्ट्र खात्यापर्यंत जावं लागणार. मी त्यांचा स्वेटर धरला. पण मामा ओरडले नाहीत. एकेक पायरी उतरत ते कठड्यापाशी गेले आणि गादीवर हात ठेवून उभे राहिले. मी मागोमाग. धाकटी उठली. एक पाय ओढत ओढत तिने उरलेलं अंतर पुरं केलं, रेषा ओलांडली आणि वाकून गुडघा धरला.

"लागला का गो?" मामांनी विचारलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा तो आवाज तिला ऐकूसुद्धा गेला नाही.

पंच पडद्यावर पुन्हा पुन्हा तो क्षण पाहत होते. मग इंग्रजीत घोषणा झाली.

"काय बोल्ला?" मामांनी विचारलं.

"जिने धक्का दिला तिला पेनल्टी. ती बाहेर. आणि धाकटी पुढच्या फेरीत."

"पन आपली परली ना?"

"पडली. पण धक्का बसला तेव्हा ती दुसरी होती. तिची चूक नव्हती. म्हणून पुढे."

"परत सांग."

मी परत सांगितलं. एवढी वर्षं जगाला पेनल्ट्या वाटत फिरणाऱ्या मामांना नियमाचा हा अर्धा भाग ठाऊकच नव्हता. धक्का देणारा बाहेर जातो एवढंच त्यांनी धरलं होतं. धक्का खाणाऱ्याचं पुढे काय होतं, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ते तिथेच खालच्या पायरीवर बसले. माझे वडीलही येऊन त्यांच्या शेजारी बसले. मामा बर्फाकडे बघत म्हणाले, "मिठागरान आमच्या बापाचा वाटा व्हता, व्याही. चुलत्यांनी कोपर मारला. बाप परला तो परलाच. तवा कुनी येऊन परत बगला नाय, की याची जागा कनची व्हती." वडिलांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

पुढच्या फेरीत धाकटी शेवटची आली. गुडघा सुजून भोपळा झाला होता, तरी ती उतरली, आणि शेवटची आली. आमच्या रांगेने मात्र ती जगज्जेती झाल्यासारखा दंगा केला, इतका की पहिल्या आलेल्या मुलीने गोंधळून आम्हालाच हात हलवला.

बाहेर पडताना बोळात ती धक्का देणारी मुलगी दिसली. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, एकटीच, आणि हमसून रडत होती. असेल सतरा-अठराची. मामा थांबले. माझी बायको दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, नको हं. चला." मामांनी सासूबाईंच्या पिशवीत हात घातला, रव्याच्या लाडवांचा डबा काढला, गुडघ्यांचा कडकडाट करत त्या मुलीसमोर बसले आणि शुद्ध बाळकुमी भाषेत तिला समजावू लागले, "घाई जाली तुना. व्हते घाई. पोर हायस. पुरल्या टायमाला जरा दम धर, वलन सरल्यावर जा." ती मुलगी तिच्या भाषेत काहीतरी सांगू लागली, हातांनी वळण दाखवू लागली. मामा मान डोलावत होते, मधेच हरकत घेत होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि संभाषण मात्र कुठे अडत नव्हतं. शेवटी तिने दोन लाडू घेतले. वडील मला म्हणाले, "पस्तीस वर्षं भाषा शिकवली रे मी. उगाचच शिकवली."

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. धाकटी पुढच्या सरावासाठी परदेशात गेली आहे, एका थंड गावात, जिथे बारा महिने बर्फ असतो आणि बोंबील मिळत नाहीत. मामा अजूनही सिग्नलला काच खाली करतात, पण पूर्वीचा जोर नाही. हल्ली ते आधी बघतात की बाजूला ढकलला गेलेला स्कूटरवाला ठीक आहे ना, आणि हात करून त्याला पुढे जायची वाट देतात. मागचे हॉर्न वाजवत बसतात.

परवा मी आणि बायको दुपारी जेवायला गेलो होतो. आपल्याकडे जेवणं उरकतात तेव्हा तिकडे धाकटीचा संध्याकाळचा सराव सुरू होतो. मामा गॅलरीत खुर्ची टाकून फोन हातात धरून बसले होते. पडद्यावर फारसं काही दिसत नव्हतं. फोन कठड्यावर कुठेतरी टेकवून ठेवलेला, नुसता पांढरा बर्फ आणि मधूनच सर्रकन जाणारी एक सावली. धाकटी धापा टाकत फोनजवळ आली. "बाबा, जेवलात का? आई कुठाय?" मामा म्हणाले, "जेवलो. तू बोलू नको, तुजा टायम जातंय." "मग फोन ठेवू?" "ठेवू नको. असाच र्‍हाऊ दे." ती हसली आणि परत गेली. पात्यांचा बर्फावरचा आवाज येऊ लागला, खर्र, खर्र, जवळ येऊन लांब जाणारा. मामांनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. जरा वेळाने तिकडून लांबून हाक आली, "बाबा, आहात ना? आवाज येतोय का?"

"येतंय," मामा डोळे न उघडता म्हणाले. "पल तू."