परत न आलेला डबा

लीलो चेवडोचं, म्हणजे बटाट्याच्या ओलसर चिवड्याचं, पाकीट फोडलं की त्या आंबटगोड वासाबरोबर मला आमच्या शहरातल्या हरणीच्या विमानतळाचं दार आठवतं. मैत्रिणीच्या लग्नात ओळख होऊन माझं ज्याच्याशी जमलं, तो तेव्हा तीन वर्षं कोचीला नोकरीत होता. दर खेपेला मी त्याला स्टीलच्या डब्यात हा चिवडा भरून द्यायची, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून तो त्यात केळ्याचे वेफर्स भरून आणायचा. त्या दुपारी मात्र तो हात हलवत बाहेर आला. महिनाभर फोनवरही तुटकच बोलत होता. मला वाटलं, डबासुद्धा आणला नाही, म्हणजे संपलंच सगळं. "चालो बेन, सुभानपुरा?" रिक्षावाला मागे लागला होता. "डबा कुठाय?" मी विचारलं. बाहीनं कपाळ पुसत तो म्हणाला, "तिकडेच ठेवलाय, स्वयंपाकघरात. दोघांपुरतं घर घेतलंय भाड्यानं, महिनाभर त्याच धावपळीत होतो. तू नाही म्हणालीस तर कुरियरनं पाठवतो." "आईचा डबा आहे तो," मी म्हणाले, "तिला तूच सांग." त्यानं सांगितलं. आमच्या लग्नाला आता कितीतरी वर्षं झाली, पण आई अजून फोनवर विचारते, "माझा डबा कधी देताय?"