कडावच्या काठावरचा केवडा

माझं माहेर समुद्रकाठचं, सासर कडावचं. आमचं भातशेत नदीला लागून. दर पावसाळ्यात नदी काठाचा लचका तोडून न्यायची. सासूबाई म्हणायच्या, "तिला आमचीच माती गोड लागते गं."

मागे चक्रीवादळ झालं, तेव्हा मी माहेरी धावले. आमच्या वाडीपुढे वाळूवर केवड्याचं दाट बन आहे. ते पार पिंजून निघालं होतं, पण मागची पडवी शाबूत होती. शेजारच्यांनी समुद्र नीट दिसावा म्हणून केवडा तोडला होता. आता समुद्र त्यांच्या अंगणातच येऊन गेला होता, वाळूचे ढीग टाकून. बाबा म्हणाले, "ही मुळं वाळू सोडत नाहीत, बाई." मला कडावचा काठ आठवला. मुळांना समुद्र काय नि नदी काय!

परतताना केवड्याची रोपं गोणपाटात बांधून एसटीत चढले. पानांच्या कडा म्हणजे करवतच. खालापूर येईपर्यंत एका काकांचा सदरा आणि एका बाईंचा पदर त्यात अडकून झाला. कंडक्टर कळवळला, "ताई, झाड हाय का कुत्रं? सगळ्यांना चावतंय!" अख्खी गाडी हसली. मग मी गोणी मांडीवर घेतली आणि पुढे मीच चावून घेतलं.

सासूबाई दारातच उभ्या. "काटे कशाला आणलेस गं? साप येतील."

"साप येवोत आई, नदी नको यायला."

नवऱ्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि कुदळ उचलली.

पहिल्याच पुरात निम्मी रोपं गेली. सासूबाई पदराआड हसत म्हणाल्या, "तुझी माहेरची माणसं निघाली बघ परत समुद्राकडं!"

मला रडूच आलं. पण उरलेल्यांचे फुटवे काढून पुन्हा लावले, आधाराला मेढी ठोकून, मध्ये करंजाची झाडं घालून. हळूहळू केवड्यानं खोडापासून मुळांचे तिरपे पाय काढले आणि काठावर बैठक मारली.

गेल्या पावसाळ्यात पाणी शेतात शिरलं. ओसरल्यावर नवरा छत्री घेऊन बघायला गेला आणि तिथूनच ओरडला, "नाय गेला गं काठ!" उलट केवड्याच्या मुळांत गाळ साचला होता.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेतातली जाऊबाई रोपं मागायला आली. मी उठणार, तोच सासूबाई कोयता घेऊन पुढे झाल्या.

"आमी खास समुद्रावरून आणलाय," त्या तिला सांगत होत्या. "जपून धर हां, चावतो."