पारोशी जीप

आकाराम हवालदाराला धूळ बघवत नसे, आणि नोकरी मिळाली ती नेमकी धूळ जपण्याची.

फौजेत त्याची सगळी हयात गाड्यांच्या तुकडीत गेली. दर शनिवारी तपासणी. साहेब पांढरा रुमाल काढून चाकाच्या आतल्या बाजूने फिरवायचा आणि रुमाल मळला की आकारामची रजा गेलीच म्हणून समजा. त्या धाकाची पुढे आवड झाली आणि आवडीचं खूळ. निवृत्त होऊन मेढ्याजवळच्या गावी परतल्यावर त्याने आधी स्वतःची मोटारसायकल धुतली, मग भावाचा ट्रॅक्टर, मग शेजाऱ्याची रिक्षा. विचारायचं वगैरे काही नाही. मळकी गाडी दिसली की बादली भरलीच. शेवटी त्याची बायको तानुबाई म्हणाली, "आवं, आता गावच्या म्हशी तेवड्या ऱ्हायल्यात. कुटंतरी कामाला तरी जावा."

गेला. साताऱ्याजवळ, महामार्गापासून जरा आत, गुळाच्या एका जुन्या गोदामात वाहनांचं संग्रहालय उभं राहत होतं. पुढची दालनं लोकांसाठी आणि मागे लांबलचक कोठार. दालनात जायच्या आधी प्रत्येक गाडी तिथे मुक्काम करी. त्या कोठाराची राखण आकारामकडे आली. आत काय नव्हतं! खिल्लार बैलांची दमणी, टांगा, कोयनेच्या पाण्यावर माणसं आणि कोंबड्या वाहून थकलेली लाकडी लाँच, घंटी हरवलेल्या सायकली. आणि सगळं कसं, तर मळकं. बघताक्षणी त्याचे हात शिवशिवायला लागले.

"मॅडम, ह्ये धुवायचं कवा?"

"धुवायचं नाही," राजेश्वरी म्हणाली. ही तिथली संग्रहपाल. मूळची सांगलीची, वस्तू जपण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. गाडी आली की चारी अंगांनी फोटो काढायचे, क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटकायचं आणि बास. टांग्याच्या चाकावरचा चिखलसुद्धा तिने तसाच राखला होता. "काका, तो चिखल म्हणजे या टांग्याचं आयुष्य आहे."

"आसंल मॅडम. पर आंघुळ केल्यानं कुनाचं आयुष्य जातंय व्हय?"

राजेश्वरी खळखळून हसली, पण बधली नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही. गाडी कुठलीही येवो, तिचं हे वाक्य ठरलेलं. आकाराम हुकूम पाळणारा माणूस होता. तो हात मागे बांधून उभा राही आणि घरी जाऊन तानुबाईची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून काढी. तानुबाईची काही तक्रार नव्हती.

श्रावणात जीप आली. कृष्णाकाठच्या एका गावातून, उदयसिंह नावाच्या ऊस बागायतदाराची. ती त्या गावची एके काळची एकुलती एक गाडी. अडलेली बाई सांगलीला न्यायची तर हीच, भरती झालेल्या पोरांना स्टेशनवर सोडायचं तर हीच, नवरी पाठवायची तर हीच. मूळचा रंग सायीसारखा, पण आता धुळीचा थर असा चढलेला की रंग विचारावा लागे. जीप ट्रकमधून उतरवत असताना सत्तरी ओलांडलेले उदयसिंह तिच्या अंगाला हात लावून बरोबर चालत होते. मग त्यांनी राजेश्वरीला बाजूला नेलं आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगितलं. ती नुसती मान डोलवत होती. परत आली ती तिचं नेहमीचं वाक्य घेऊनच. "काका, जीपला हात लावायचा नाही."

उदयसिंह काय बोलले ते आकारामला पुढे कळलं आणि फार उशिरा कळलं. आपण मात्र आत्ताच ऐकून घेऊ.

त्यांची बायको मंगल दर दसऱ्याला जीपची पूजा करी. हळदकुंकू वाहून झालं की कुंकवाने भरलेला अख्खा तळवा ती बॉनेटवर थापटी, बैलाच्या पाठीवर शाबासकी द्यावी तसा. नऊ वर्षांपूर्वीच्या दसऱ्यालाही तिने तसंच केलं आणि दिवाळीच्या आत झोपेतच गेली. हाताचा ठसा तेवढा मागे राहिला. तेव्हापासून उदयसिंहांनी जीपवर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. आता शेडचे पत्रे गळायला लागले होते, आणि कुणी ना कुणी कौतुकाने फडकं मारील ही धास्ती निराळीच. या संग्रहालयात काहीच धूत नाहीत असं त्यांच्या कानावर आलं, म्हणून त्यांनी जीप इथे आणली. "पर ह्ये कुनाला सांगू नगा ताई," ते म्हणाले होते, "म्हातारा खुळावला म्हनत्यात." राजेश्वरीने शब्द दिला आणि पाळलाही.

मग आली खंडेनवमी. राजेश्वरी सणाला सांगलीला गेली. आकाराम सकाळी दाराला बांधायला झेंडूची माळ घेऊन आला आणि कोठारात पाऊल टाकताच थबकला. अख्ख्या मुलखात आज नांगर, कोयते, मोटारी, अगदी शिवणयंत्रंसुद्धा न्हाऊन धुऊन पाटावर बसली असतील, आणि त्याच्या ताब्यातल्या या म्हाताऱ्या गाड्या पारोशा उभ्या! बिनआंघोळीच्या गाडीची पूजा तरी कशी करायची? त्याने फार विचार केला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सगळ्या धुवायच्या नाहीत, सगळ्यांच्या वतीने एक धुवायची. तीही जीप, कारण अशीच जीप त्याने डोंगरदऱ्यांतून हाकली होती. त्याने बादली भरली.

काय सुख लागलं त्याला! महिनोन् महिने उपाशी ठेवलेल्या माणसापुढे ताट यावं तसं झालं. साबण नाही, नुसतं स्वच्छ पाणी आणि जुनं धोतर. आधी चाकं, बाहेरून आणि आतून, साहेबाचा रुमाल आठवून. मग दारं, मग मागचा भाग. धुळीखालून सायीचा रंग उमलत आला आणि आकाराम चक्क गुणगुणायला लागला. शेवटी बॉनेट. तिथे एक तपकिरी डाग होता. गंज असेल म्हणून त्याने जोर लावून पुसला आणि फडकं बादलीत पिळलं.

पाणी लाल झालं.

गंजाचं पाणी असं होत नाही, हे सांगायला फौजेत जावं लागत नाही. कुणा बाईमाणसाने लावलेलं कुंकू आपण आपल्या हाताने पुसलं, एवढं त्याला उमगलं. त्याने झेंडूची माळ जीपच्या गळ्यात घातली, हात जोडले, पण गुणगुणणं काही परत आलं नाही.

दुपारी राजेश्वरी अवचित हजर झाली. उद्या दसऱ्याला उदयसिंह जीप बघायला येणार असा फोन आला होता, म्हणून ती सण अर्धा टाकून आली होती. दारातून उन्हाचा पट्टा आत पडला होता आणि त्यात जीप लखलखत होती. राजेश्वरी बॉनेटपाशी गेली, वाकली, आणि तशीच मागे येऊन पायरीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं.

ऐकता ऐकता आकाराम भिंतीला टेकला. उदयसिंह जीप परत नेतील, मॅडमचा शब्द मातीत जाईल, आपली नोकरी जाईल, हे सगळं त्याला दिसलं. पण त्याला खाऊ लागलं ते वेगळंच. एका म्हाताऱ्याने जिवापाड जपलेला हात आपण जोर लावून पुसला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्याकडं त्या ठशाचं फोटू असत्याल न्हवं? माज्या तानुचा हात तेवडाच असंल. बरुबर त्याच जागंवर..."

राजेश्वरी लगेच नाही म्हणाली असं मी म्हणणार नाही. तिची नजर कोऱ्या बॉनेटकडे गेली आणि त्या नजरेत मोह होता. मग तिने मान हलवली. "खोटंच मांडायचं असेल तर संग्रहालय कशाला काका, सिनेमाचा सेट लावू. चूक माझीही आहे. हीच जीप का जपायची, ते निदान तुम्हाला सांगायला हवं होतं. उद्या मी बोलते त्यांच्याशी."

"न्हाई. पानी म्या वतलं, म्याच सांगनार."

घरी त्याने तीच युक्ती तानुबाईच्याही कानावर घातली. ती भाकरी थापता थापता उठलीच. "माजा हात? त्या माउलीच्या जागी? उद्या वर गेल्याव तिला काय तोंड दावू? गप भाकरी खावा." भाकरी काही उतरली नाही.

दसऱ्याला आकाराम कडक इस्त्रीचे कपडे घालून फाटकापाशी उभा राहिला. उदयसिंह गाडीतून उतरले. सोबत थोरली लेक क्रांती, हातात आपट्याची पानं. म्हातारा दोन पावलं चालतो न चालतो तोच आकाराम पुढे झाला आणि त्याने खाडकन सलाम ठोकला.

"आबा, जीप म्या धुतली. मॅडमनी न्हाई सांगितलं व्हतं. वयनींचा हात माज्याकडनं पुसला गेला."

क्रांतीचा चेहरा उतरला. "आबा..." ती म्हणाली आणि तिने वडिलांचा दंड धरला. उदयसिंहांनी तो हळूच सोडवला आणि ते कोठारात गेले. बाकीचे मागोमाग. कोऱ्या बॉनेटवरून त्यांनी तळवा फिरवला. मग खाली वाकायला लागले. गुडघे साथ देईनात तेव्हा आकारामने धावत जाऊन आधार दिला. म्हाताऱ्याने चाकाच्या आतल्या बाजूला बोट घातलं आणि बाहेर काढून उजेडात धरलं.

बोट स्वच्छ होतं.

"आतनं बी धुतलीस?"

"व्हय आबा."

उदयसिंह हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि लेकीने रुमाल पुढे केला तरी त्यांना तो दिसला नाही. "मंगल आसंच करायची," ते म्हणाले. "पदराचा शेव चाकात आतनं फिरवायची. मळला, की मला पुन्ना बादली. पारोश्या गाडीला म्या हात लावनार न्हाई म्हनायची. लय खोडीची व्हती. आन म्या काय केलं? तिच्याच नावानं नऊ वर्सं गाडी पारोशी ठिवली. दर दसऱ्याला वाटायचं, चुकतंय काय तरी. पर पानी वताय हात उचलंना रं."

ते जीपच्या पायरीवर बसले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की आकारामचाही अडकलेला श्वास त्याबरोबर सुटला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला स्वतःचे पाय जमिनीवर असल्यासारखे वाटले.

"आबा, आता धुतलीच हाय तर..." क्रांती म्हणाली आणि राजेश्वरीकडे बघू लागली. "कुंकू लावलं तर चालंल का ताई?"

राजेश्वरीच्या सगळ्या शिक्षणाचं उत्तर एकच होतं. कुंकवाने रंगावर डाग पडतो. ती आपल्या खोलीत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती. कुंकू तिने स्वतः कालवून आणलं होतं.

क्रांतीने तळवा बुडवला आणि बॉनेटवर थाप मारली. जोरात मारली. आवाज कोठारभर घुमला. उदयसिंहांनी ठशाकडे पाहिलं. "करंगळी आयसारखीच वाकडी हाय तुजी," ते म्हणाले.

"काका," राजेश्वरी म्हणाली, "दर खंडेनवमीला ही जीप धुवायची. ही एकटीच. आणि टांग्याकडे असं बघू नका."

आकारामने झटकन मान वळवली. उदयसिंह उठले, त्यांनी आपट्याची पानं आकारामच्या हातात ठेवली आणि त्यावर आपला हात दाबून धरला.

"सोनं घे गड्या. पर फुडच्या वर्सी एकट्यानं धुवू नगंस. दोन चाकं माज्यासाठी ठिव."