अंबूबाईचे हात गुंतलेत

लोधिवलीच्या अंबूबाईला रिकाम्या हातानं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ऐन पंचविशीत नवरा गेला, तेव्हा ती माथेरानच्या एका हॉटेलात चादरी धुवायला लागली. तिथे उतरलेल्या एका म्हाताऱ्या पारसी बाईनं तिला दोन सुया, उरलेली लोकर दिली आणि विणायला शिकवलं. पुढे घोडेवाल्यांपासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत सगळे हिवाळ्यात अंबूबाईचेच स्वेटर घालून हिंडू लागले.

पण गिऱ्हाईक मोठं चोखंदळ. घोडेवाल्यालासुद्धा दुसऱ्या घोडेवाल्यासारखी वीण चालत नसे. नव्या विणी असायच्या बायकांच्या मासिकांत, आणि मासिकं असायची वाचनालयांत. कर्जतला एक यायचं, चौकला दुसरं, खालापूरला तिसरं. म्हणून बासष्ट सालापासून तिची फेरीच ठरून गेली. सोमवारी कर्जत, बुधवारी चौक, शुक्रवारी खालापूर. एस.टी.तून उतरायचं, पेपरवर तुटून पडलेल्या पुरुषांना वळसा घालून कोपऱ्यातलं बाक गाठायचं, मांडीवर मासिक उघडायचं आणि विणायला लागायचं.

वाचता मात्र तिला येत नव्हतं. हे गुपित तिनं सतरा वर्षं जिवापाड जपलं. वाचनालय वाचणाऱ्यांचं, अडाणी बाई आत बसलीय हे कळलं तर बाहेर काढतील, याची तिला फार धास्ती होती. म्हणून ती ओळींवरून नजर फिरवायची, बेतानं पान उलटायची, मधेच ‘अगं बाई’ म्हणायची. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं! विणीसाठी तिला अक्षर लागतच नव्हतं. चित्रावर सुईचं टोक ठेवून ती टाके मोजायची. आणि वाचकांच्या वहीत सही करायची वेळ आली की दोन्ही सुया वर धरायची.

“हात गुंतलेत बघा भाई. तुमीच लिवा माजं नाव.”

खालापूरचे ग्रंथपाल इद्रिसभाई सरळ माणूस. ते लिहायचे. दर शुक्रवारी, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

एकोणऐंशीच्या जानेवारीत तपासणीला एक साहेब आले. त्यांनी वही चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ही अंबूबाई कोण? प्रत्येक सही तुमच्या हातची. बायका येतात असं दाखवायला खोटी नावं भरता की काय?”

इद्रिसभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साऱ्या हयातीत त्यांना कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. त्यांनी नुसतंच कोपऱ्याकडे बोट केलं. नशिबानं वार शुक्रवार होता.

साहेब बाकापाशी गेले. “काय वाचताय बाई? जरा मोठ्यानं वाचा बरं.”

अंबूबाईच्या मांडीवर वेणीच्या विणीचं पान उघडं होतं. तिनं चित्रावर नजर रोवली आणि सुरू केलं. “दोन उलट, सहा सुलट, दोन उलट. आठव्या वळीला पीळ.”

“चौथ्या,” साहेब तिच्या खांद्यावरून छापील ओळ बघत म्हणाले. “इथे चौथ्या लिहिलंय.”

“चौथ्या वळीला पीळ दिला तर वेणी आखडंल. आठव्याच हाय. मोजा की तुमीच.”

साहेबांनी पेनच्या टोकानं चित्रातल्या ओळी मोजल्या. मग परत मोजल्या. आठच भरल्या. ते मटकन शेजारी बसले.

“अहो, आमच्या घरी याच अंकावरून माझा स्वेटर चाललाय. दोनदा उसवला. दर वेळी पोराच्या मापाचाच होतोय!”

पेपरांमागून हसू फुटलं. साहेबही हसले आणि त्यांनी वही तिच्यापुढे धरली. “छापलेल्यातली चूक काढता, मग सही दुसऱ्याला का करायला लावता? घ्या, करा.”

आता हात गुंतलेत म्हणून भागणार नव्हतं. आणि इद्रिसभाई अजून तसेच उभे होते, चोरी पकडल्यासारखे. ते अंबूबाईला बघवेना. तिनं विणकाम बाजूला ठेवलं.

“सायेब, मला अक्षर येत नाय. एक बी नाय. भाईंना मीच फशिवलं. पन खोटं नाव नाय लिवलं त्यांनी. मी येते. दर शुक्करवारी येते. मला काडायचं तर काडा, त्यांना बोलू नका.”

पेपरांमागची सगळी डोकी वर आली. साहेबांनी शाईचा पॅड मागवला, तिचा अंगठा घेतला आणि शेजारी स्वतः लिहिलं: नियमित वाचक. जाताना त्यांनी विणीची कृती मात्र कागदावर उतरवून नेली, आठव्या ओळीसकट.

अंबूबाई बाकावरच बसून राहिली. संध्याकाळची एस.टी. हॉर्न वाजवत निघून गेली तरी उठली नाही. हलकं वाटत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी इद्रिसभाईंनी टेबलावरचं कुलूप उचललं, तेव्हा ती टेबलाजवळ गेली.

“भाई, आता सगळ्यांना कळलंच हाय, तर एक इचारू?”

“विचारा की.”

“लय वर्सं झाली, एका अंकात चित्र होतं. एक बाई विहिरीच्या काठाला बसून रडतेय, आन् घागर भरलेली. घागर भरलेली हाय तर मग रडते कशाला, ते मला अजून कळलं नाय. कुनाला इचारनार? इचारलं असतं तर कळलं असतं ना, मला वाचता येत नाय ते.”

“कोणत्या सालचा अंक?”

“साल नाय ठावं. त्याच अंकात निळा बिनबाह्यांचा स्वेटर होता.”

इद्रिसभाईंनी कुलूप परत टेबलावर ठेवलं आणि पोटमाळ्यावरचे जुने गठ्ठे काढायला शिडी लावली.